गेमला एक शब्द

"आज पहिल्यांदाच नेटवर आला बघा हा," टेनिसच्या मराठी कॉमेंटरीला एक्स्पर्ट म्हणून बसलेला लेफ्टी माईकवर म्हणाला आणि शेजारी बसून पॉइंट टिपणारी माझी पेन्सिल तिथल्या तिथे थांबली. कारण तो पोरगा त्या मॅचमध्ये तोवर अकरा वेळा नेटवर येऊन गेला होता, माझ्या कागदावर अकरा छोटे त्रिकोण होते. त्यातला एक तर पहिल्या सेटमध्ये ३-३ ला, ब्रेक पॉइंटवरचा, म्हणजे सर्व्हिस करणारा गेम हरू शकतो असा पॉइंट. हातात आलेली व्हॉली, टप्पा पडायच्या आधीचा फटका, त्याने नेटमध्ये घातली होती आणि त्यावर हाच लेफ्टी तेव्हा म्हणाला होता की ही व्हॉली याला रात्री झोपताना आठवणार. पोराचं माहीत नाही, पण ते वाक्य म्हणणारा माणूस तासाभरात ती व्हॉली साफ विसरला होता.

शेजारच्या लीडने, म्हणजे मेन कॉमेंटेटरने, सांभाळून घेतलं, "सर या सेटबद्दल म्हणतायत" वगैरे. टॉकबॅकवर, म्हणजे प्रेक्षकांना ऐकू न जाणाऱ्या आतल्या लाइनवर, प्रोड्युसरचा सुस्कारा माझ्या हेडफोनात स्पष्ट आला. लाइव्ह चॅटमध्ये कुणीतरी लिहिलंच, सर डुलकी लागली होती का.

हे प्रकरण नीट लिहून काढतेय कारण गेल्या वर्षभरात खेळणं सोडून माईककडे वळू बघणाऱ्या दोघा-तिघांनी मला विचारलं की तयारी काय करायची, आणि प्रत्येकाला वाटतं की भानगड आवाजाची असते, उच्चारांची असते, कॅमेऱ्याच्या भीतीची असते. लेफ्टीच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं. त्याला विचारून लिहितेय, अट एकच की नाव नको. डावखुरा आहे म्हणून सर्किटवर सगळे त्याला लेफ्टी म्हणायचे, तेच इथे चालवते.

माझी ओळख दोन ओळीत. मी वीसेक वर्षं लाइन अंपायर होते, म्हणजे बॉल लाइनच्या आत पडला की बाहेर ते सांगणारी, छोट्या टूर्नामेंट्स, मोठ्या टूर्नामेंट्स, जिथे बोलावतील तिथे. २०२५ पासून एटीपी टूरवर, म्हणजे पुरुषांच्या वरच्या प्रोफेशनल टेनिसमध्ये, सगळीकडे इलेक्ट्रॉनिक लाइन कॉलिंग आलं, आत-बाहेर मशीनच सांगतं, त्याच वर्षी विम्बल्डननेही १४७ वर्षांनी लाइनवरची माणसं काढली. खालच्या लेव्हलला अजून माणसं लागतात पण दिवस भरत आलेत हे कळायला ज्योतिषी नको होता. म्हणून मी कॉमेंटेटरच्या शेजारी बसून पॉइंट टिपायचं काम घेतलं. म्हणजे कोर्टवरचं काम गेलेली दोन माणसं एका काचेच्या खोलीत शेजारी शेजारी, एक बोलणारा आणि एक लिहिणारी.

लेफ्टीचं करिअर थोडक्यात सांगते कारण ते पुण्यातल्या शंभर पोरांसारखंच आहे. वडील बँकेत, सकाळी साडेपाचला स्कूटरवर मागे बसून क्लबात, शाळा, परत क्लब. ज्युनियरला राज्यात नाव, मग फ्युचर्स. फ्युचर्स म्हणजे प्रोफेशनल टेनिसचा तळमजला, आता त्याला एम१५, एम२५ म्हणतात. तेव्हा दहा हजार डॉलरच्या टूर्नामेंटमध्ये पहिल्या फेरीत हरलं की शंभर-सव्वाशे डॉलर हातात यायचे, त्यात हॉटेल, जेवण, रॅकेटला नवीन गटिंग म्हणजे तारा, आणि परतीचं स्लीपर क्लासचं तिकीट. रँकिंग आठशेच्या अलीकडे-पलीकडे घुटमळलं, खांद्याचं रोटेटर कफ फाटलं, एकोणतिसाव्या वर्षी थांबला. मग कोचिंग. बाणेरच्या बाजूला कोर्टं भाड्याने घेऊन पोरं शिकवतो, चांगला शिकवतो, पोरं त्याला घाबरत नाहीत आणि पालक घाबरतात, असं पाहिजे तसं.

कॉमेंटरी आली ती अशीच, कुणाच्या तरी ओळखीतून. एका स्ट्रीमिंगवाल्यांना मराठी फीड करायचं होतं, कर्वेनगरला स्टुडिओ, खेळाडू कुठेतरी भलत्याच देशात आणि आपण पुण्यात मॉनिटर बघून बोलायचं. बाहेरच्या लोकांना हे ऐकून धक्का बसतो पण बरीचशी कॉमेंटरी अशीच होते. चित्र आणि कोर्टचा आवाज तिकडून येतो, त्यावर आपला आवाज चढवायचा. समोर एक बटन असतं, खोकला आला की दाबून धरायचं, तेवढ्यापुरता माईक बंद. लेफ्टीने पहिल्या दिवशी ते बटन पाहिलं आणि म्हणाला, हे आमच्या काळात कोर्टवर असतं तर वॉर्निंगा वाचल्या असत्या.

मराठीचा प्रश्न वेगळा. पेपरात आपण "बिनतोड सर्व्हिस", "सर्व्हिस भेदली", "सरळ दोन सेटमध्ये धुव्वा" वाचतो, वाचायला बरं वाटतं, पण तेच माईकवर म्हटलं की माणूस बातम्या देतोय असं वाटतं. क्रिकेटचं बरं आहे, बाळ ज. पंडितांसारख्या माणसाने, जो स्वतः महाराष्ट्राकडून रणजी खेळला होता आणि आपल्या पुण्यातलाच, रेडिओवर मराठी कॉमेंटरीची बोली बसवून दिली, लोकांच्या कानाला ती सवयीची झाली. टेनिसला असा कुणी बाप मिळाला नाही. लेफ्टीने पहिल्याच आठवड्यात ठरवलं की कोर्टवर पोरांशी जे बोलतो तेच बोलायचं. "खोल मार", "उशीर झाला त्याला", "पाय नाही हलले", "बॉल खांद्यापर्यंत चढतोय, आता काय करणार बिचारा". हे इतकं छान जमलं की पहिले चार दिवस प्रोड्युसर खूश, लीड खूश, आणि लेफ्टीच्या आईने नातेवाईकांना फोन करकरून स्ट्रीम बघायला लावलं.

एक अडचण मात्र पहिल्या दिवसापासून होती, ती नंतर सुटली पण सांगते. त्याला वाटायचं मी आठशेवाला, मी काय टॉप फिफ्टीवाल्याच्या बॅकहँडवर बोलणार. आपल्याकडे विजय अमृतराज कॉमेंटरीला बसले की प्रश्नच येत नाही, १९७३ आणि १९८१ ला विम्बल्डनची क्वार्टर फायनल, ८१ ला तर जिमी कॉनर्सवर दोन सेटची लीड घेऊन पाच सेटमध्ये हरलेला माणूस, त्यांनी नुसतं "हं" म्हटलं तरी वजन आहे. मी त्याला डॅन मॅस्कलचं सांगितलं. बीबीसीवर १९५१ पासून १९९१ पर्यंत विम्बल्डनचा आवाज म्हणजे हा माणूस, चाळीस वर्षं. क्वीन्स क्लबला बॉल उचलणारा पोरगा, मग प्रोफेशनल, मग ऑल इंग्लंड क्लबचा कोच, ब्रिटनचा प्रोफेशनल चॅम्पियन सोळा वेळा. आणि विम्बल्डन? एकदाही खेळला नाही, कारण १९६८ पर्यंत तिथे फक्त ॲमॅच्युअर खेळायचे आणि हा पगारी प्रोफेशनल. ज्या कोर्टवर स्पर्धेत पाय ठेवता आला नाही त्याच कोर्टबद्दल सगळा देश त्याच्या तोंडून ऐकत बसायचा. बोलायचाही कमी. लेफ्टी म्हणाला, "म्हणजे आठशे चालेल." म्हटलं, चालेल काय, धावेल.

तर अडचण ती नव्हती. अडचण पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिसायला लागली, आणि आधी मला ती निष्काळजीपणा वाटली, खोटं कशाला सांगू.

टेनिसच्या कॉमेंटरीचं गणित असं की बॉल खेळात असताना बोलायचं नाही, निदान बोलू नये. दोन तासांच्या मॅचमध्ये हार्ड कोर्टवर बॉल प्रत्यक्ष खेळात असतो जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं, बहुतेक पॉइंट चार फटक्यांच्या आत संपतात. उरलेला सगळा वेळ खेळाडू टॉवेल घेतोय, बॉल आपटतोय, बाजू बदलतोय. दोन पॉइंटच्या मध्ये २५ सेकंद, त्यातली आठ-दहा रिप्लेला जातात. बाजू बदलताना दीड मिनिट. एक्स्पर्टला बोलायला मिळतात ती ही फटीतली सेकंदं आणि त्यात बोलायचं काय, तर नुसतं आत्ता झालं ते नाही, ते प्रेक्षकाने पण पाहिलंय. आत्ता झालं ते मगाच्या कशाशी जोडलेलं आहे हे सांगायचं. पाच गेमपूर्वी याने हीच सर्व्हिस इथेच टाकली होती. पहिल्या सेटला हा मागे उभा राहून रिटर्न घेत होता, आता दोन पावलं पुढे आलाय. एक्स्पर्टला पैसे या जोडण्याचे असतात.

आणि लेफ्टीला नेमकं हेच जमेना. पॉइंट संपला की त्या पॉइंटबद्दल तो असं काही सांगायचा की आपण तोंडात बोट घालावं. ग्रिप कशी सरकली, खांदा उशिरा वळला, सर्व्हिसला उडवलेला बॉल, म्हणजे टॉस, दोन इंच डावीकडे गेला, रिप्ले यायच्या आधी. पण दहा मिनिटांनी तोच पॉइंट त्याच्या लेखी झालाच नव्हता. लीड विचारायचा, "सर, मगाचच्या त्या गेमसारखंच झालं ना?" आणि लेफ्टी अर्धा सेकंद जास्त थांबून म्हणायचा, "हो, अगदी." ते अर्धं सेकंद ज्याला कळायचं त्याला कळायचं.

नेटवरच्या त्या वाक्यानंतर मात्र सगळ्यांनी आपापलं निदान काढलं. प्रोड्युसरचं मत, सर अभ्यास करून येत नाहीत. (येत होता. खेळाडूंची माहिती आठ आठ पानं लिहून आणायचा.) लीडचं मत, टेन्शन. हा रेडिओतून आलेला पोरगा, त्याच्या मते सगळं टेन्शनच असतं आणि सगळ्यावर उपाय लिंबू-मध. लेफ्टीची बायको सगळ्यात जास्त घाबरली, तिला वाटलं स्मरणशक्तीचंच काहीतरी आहे, बेचाळिशीत असं कसं, आणि त्याला फॅमिली डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी बी-ट्वेल्व्ह, थायरॉइड बघितलं, प्रश्न विचारले, काही निघालं नाही. आणि खरंच, घरात किराणा काय आणायचा, कुठल्या पोराची फी राहिलीय, कुणाच्या लग्नात कुणी काय आहेर दिला हे सगळं त्याला पाठ. मग मॅचच तेवढी का जाते?

मला सुचलं ते त्याच्या हाताकडे बघून. प्रत्येक पॉइंट संपला, दोन वाक्यं बोलून झाली, की तो हेडसेटची वायर डाव्या हाताच्या बोटांनी सरळ करायचा. एक वेटोळं, दुसरं वेटोळं, अगदी मन लावून. आणि मान वर करायचा ती नव्या पॉइंटला. मी हे आधी कुठं पाहिलं होतं? कोर्टवर. त्याच्याच मॅचला. खेळताना तो पॉइंट संपला की पाठ फिरवायचा आणि रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ करत बेसलाइनकडे चालायचा.

टेनिस खेळलेल्याला यात नवीन काही नाही. जिम लोअर म्हणून अमेरिकन स्पोर्ट्स सायकॉलॉजिस्ट आहे, त्याने १९८० च्या दशकात मोठे खेळाडू दोन पॉइंटच्या मधे काय करतात ते बघून सोळा सेकंदांचा एक क्रम बसवला: पाठ फिरव, श्वास सोड, पुढचं ठरव, मग आपलं नेहमीचं बॉल आपटणं वगैरे. नजर इकडे-तिकडे जाऊ नये म्हणून तारांकडे बघायचं. या सगळ्याचा अर्थ एकच, झालेला पॉइंट डोक्यातून बाहेर. २०२४ ला डार्टमथ कॉलेजच्या भाषणात फेडररने हेच आकड्यात सांगितलं, १,५२६ सिंगल्स मॅचेस, जवळजवळ ८० टक्के जिंकल्या, आणि पॉइंट किती टक्के जिंकले? ५४. म्हणजे जवळपास निम्मे पॉइंट फेडरर हरला. ते उराशी धरून बसला असता तर झाला असता का फेडरर? लेफ्टीला हे आठव्या वर्षापासून घोटवलं होतं. त्याचे जुने सर ओरडायचे, "गेला तो! गेला! मेल्याला परत बोलवू नकोस!" आता तो स्वतः पोरांना हेच ओरडतो. चौतीसेक वर्षं रोज शे-दोनशे वेळा ज्याने विसरण्याची प्रॅक्टिस केली त्याला आपण खुर्चीत बसवून सांगत होतो, बाबा रे आता आठव.

हे मी त्याला सांगितलं तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "म्हणजे मी फार चांगला प्लेअर होतो असं म्हणतेयस." म्हटलं, विसरण्यात तर टॉप टेन.

खात्री करायला एक प्रयोग केला. त्याच्या घरी, रविवारी, आवाज बंद करून २०१९ च्या बालेवाडीच्या एटीपी टूर्नामेंटची फायनल लावली. केव्हिन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच. मुद्दाम ही मॅच, कारण विसरायला याच्याइतकी सोपी मॅच नाही. एक सहा फूट आठ इंच, दुसरा सहा अकरा, सर्व्हिस, सर्व्हिस, सर्व्हिस, तिन्ही सेट टायब्रेकला, ७-६, ६-७, ७-६. मी त्या आठवड्यात बालेवाडीला लाइनवर होते, फायनलला नंबर लागला नाही म्हणून स्टँडमध्ये बसून पाहिलेली. कार्लोविच तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा, १९७७ मध्ये केन रोझवॉल हाँगकाँगला खेळला त्यानंतर एटीपी टूर्नामेंटची फायनल खेळणारा सगळ्यात वयस्कर माणूस, आणि लोक दोघांना सारख्याच टाळ्या देत होते. दर चार गेमनंतर मी व्हिडिओ थांबवायची आणि विचारायची, मागच्या गेममधला कुठलाही एक पॉइंट सांग. पहिल्या सेटमध्ये त्याला एकही सांगता आला नाही. मग म्हटलं बरं, वायर सोड, हात मांडीखाली घेऊन बस. हात मांडीखाली घेतल्यावर दोन सांगितले! योगायोग असेल, मी काही शास्त्रज्ञ नाही, पण त्या दिवसापासून स्टुडिओत वायर टेपने टेबलाला चिकटवली.

पुढचे तीन आठवडे जे केलं त्यातलं निम्मं चुकलं. आधी मी माझा सगळा चार्ट त्याच्यासमोर ठेवला. माझ्या चार्टमध्ये प्रत्येक पॉइंटला एक चौकोन, सर्व्हिस कुठे पडली त्याचं टिंब, नेटवर आला तर त्रिकोण, पॉइंट कसा संपला त्याचं अक्षर. लेफ्टी तो वाचायला लागला आणि कॉमेंटरीचं पासबुक झालं. "बॅकहँडकडे सात सर्व्हिस, फोरहँडकडे चार, अंगावर एक." प्रेक्षकाला काय करायचंय? शिवाय मान खाली, आणि एकदा मान खाली असताना समोर ट्वीनर झाला, पायांच्या मधून विनर, लीड ओरडतोय आणि आमचे एक्स्पर्ट सर्व्हिसची टक्केवारी शोधतायत. मग उलट केलं, त्यालाच पूर्ण चार्ट लिहायला दिला, तर लिहिण्याच्या नादात त्याचं बघणंच गेलं, ग्रिप नाही, खांदा नाही, काही नाही. त्याच्याजवळची एकमेव सोन्याची गोष्ट आपण टिंबं काढण्यात घालवतोय हे लक्षात आल्यावर ते पण बंद.

एक शब्द ही आयडिया त्याचीच. शाळेची दोनशे पानी वही घेतली, पानाच्या मध्ये रेघ मारली, डावीकडे एक खेळाडू, उजवीकडे दुसरा, आणि गेम संपला की त्या गेमला एकच शब्द लिहायचा. वाक्य नाही. आकडा नाही. पहिल्या दिवशीचं पान माझ्याकडे आहे, त्यातलं सांगते: "टॉस". "घाई". "टॉवेल". "परत टॉवेल". (इथे दोन शब्द झाले, मी ओरडले.) "लेस". "बघतोय". "जांभई". "मागे". "पुढे". "शिव्या". "गप्प".

दुसऱ्या कुणाला यातून ओ की ठो कळणार नाही. पण दुसऱ्या सेटला ४-४ ला त्या खेळाडूने सर्व्हिसच्या आधी लांबलचक टॉवेल घेतला तेव्हा लेफ्टीने वहीकडे नजर टाकली आणि बोलला की हा पाचव्या गेमला पण असाच टॉवेलकडे गेला होता, तेव्हाही तीस-चाळीस होतं, याला दुसऱ्या सर्व्हिसची भीती वाटतेय आणि तो वेळ काढतोय, बघा आता अंगावर टाकेल. टाकली अंगावर. डबल फॉल्ट, दोन्ही सर्व्हिस चुकल्या, पॉइंट गेला. टॉकबॅकवर काही सेकंद कुणीच बोललं नाही आणि मग प्रोड्युसर नुसतं "वा" म्हणाला. एका शब्दाला धरून अख्खा गेम वर येत होता, विहिरीत पडलेली कळशी गळ टाकून काढतात तसा. आकडे माझ्याकडे राहिले, लागले तर मी चिठ्ठीवर लिहून सरकवायची, दिवसाला चार-पाच चिठ्ठ्या, जास्त नाही.

म्हणजे आता सगळं छान चाललंय असं नाही. तीन मॅच सलग असल्या की तिसरीला वहीत नुसतं "दमला" लिहिलेलं असतं आणि ते खेळाडूबद्दल आहे की स्वतःबद्दल हे विचारायची सोय नाही. पाच सेटची मॅच त्याला अजून झेपत नाही. आणि पैसे, दिवसावर मिळतात, तेही हातात पडेपर्यंत तीन तीन महिने, त्यामुळे बाणेरची कोर्टं सुटलेली नाहीत, सुटूही नयेत. जे कोणी नोकरी सोडून यात उडी मारायची म्हणतायत त्यांनी हे वाक्य दोनदा वाचा.

अजून एक गोष्ट झाली, ती मी धरली नव्हती. तो आठवायला लागला म्हणजे फक्त स्टुडिओतलं नाही. त्याची बायको मला फोन करून म्हणाली, "ताई, हा रात्री उठून बसतो आणि मला नाशिकच्या कुठल्या तरी मॅचचा तिसरा सेट सांगतो, मी तेव्हा याला ओळखत पण नव्हते." जुन्या मॅचेस, जुने पॉइंट, कुणी कुठे कसा पास मारला. कोचिंगवर पण फरक पडला. परवा एका पोराने सोपा स्मॅश घालवला तर लेफ्टी सवयीने ओरडला "गेला तो!" आणि मग स्वतःच थांबला, पोराला जवळ बोलावून म्हणाला, आत्ता विसर, पण घरी जाऊन लिही. पोराची आई माझ्या शेजारी उभी होती, तिचा चेहरा बघण्यासारखा, हे काय नवीन.

आणि मला पोटात गोळा आला. का ते सांगते.

लाइन अंपायरला बॉल बाहेर पडला तर ओरडायचं असतं, "आउट", आणि हात बाजूला सरळ. बॉल आत पडला तर तोंडातून शब्द काढायचा नाही, अगदी लाइनजवळचा असेल तर दोन्ही तळवे जमिनीकडे करून समोर धरायचे, बस. आणि चुकून आत पडलेल्याला आउट म्हणालात तर तत्क्षणी "करेक्शन" म्हणायची सोय असते, मान खाली जाते पण सोय असते. आम्हालाही शिकवतात, झालेला कॉल डोक्यातून काढा, नाहीतर पुढचा चुकतो. मला ते कधी जमलं नाही. माझे चुकलेले कॉल मला तारखेसकट येतात.

२००९, पुण्यातलीच फ्युचर्स, सेमीफायनल. त्या लेव्हलला सगळ्या लाइनींवर माणसं नसतात, आम्ही तिघं-चौघं होतो. लेफ्टी पहिला सेट हरलेला, दुसऱ्यात ५-४, ४०-३०, सेट पॉइंट, सर्व्हिस त्याची. माझी लांबची साइडलाइन. त्याने डाव्या हाताचा फोरहँड लाइनला धरून मारला. हार्ड कोर्टवर बॉलची खूण राहत नाही, पण लाइनच्या रंगावर पडलेला बॉल किंचित घसरतो, आणि तो घसरला, मी पाहिला, पण तोवर माझं "आउट" तोंडातून गेलं होतं आणि हात बाजूला होता. करेक्शन म्हणायला एक सेकंद होतं. नाही म्हणाले. लेफ्टीने माझ्याकडे एकदा पाहिलं, पाठ फिरवली, तारा सरळ करत चालायला लागला. सेट ५-७ गेला. मॅच गेली. नंतर तो त्याबद्दल कधी एक शब्द बोलला नाही आणि मी सोळा वर्षं समजत होते की हा त्याचा मोठेपणा आहे.

गेल्या महिन्यात स्टुडिओत, दोन मॅचच्या मधल्या वेळात, त्याने वही माझ्याकडे फिरवली. पान माझ्या पद्धतीने भरलेलं, चौकोन चौकोन, टिंबं, त्रिकोण. वर लिहिलेलं २००९. म्हणाला, पंधरा दिवस लागले, रोज दोन-तीन गेम आठवत गेलो, पहिला सेट पूर्ण झाला, दुसरा पण झाला, हा एवढा एकच चौकोन भरत नाहीये. ५-४, ४०-३०. "सर्व्हिस बाहेरच्या बाजूला टाकली ते आठवतंय. रिटर्न छोटा आला. मी फोरहँड मारला. पुढे काही नाही. तुझी लाइन होती ना, अंपायर?"

बाहेर पोरगा चहा घेऊन आला होता, लीडचा आवाज येत होता की साखर कमी सांगितली होती.

लेफ्टीने पेन्सिल माझ्यासमोर धरली. मी ती घेतली नाही. दोन्ही तळवे जमिनीकडे केले आणि टेबलावर, वहीच्या वर, सरळ धरले.

तो बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिला. मग वही माझ्या हातांखालून ओढून घेतली, त्या चौकोनात टिंब काढलं, आणि म्हणाला, "पाच मिनिटं आहेत. पुढच्या मॅचचे ड्रॉ शीट कुठंय?"